नोकरी सांभाळत लिहिलेली पहिली कादंबरी : खर्ड्यापासून छापील पुस्तकापर्यंत

ज्यांच्याजवळ कादंबरीचा खर्डा पूर्ण आहे किंवा पूर्ण होत आला आहे, आणि जो त्यांनी नोकरी, वकिली, वैद्यकी, अध्यापन किंवा असाच एखादा पूर्णवेळ व्यवसाय सांभाळत कित्येक वर्षांत लिहिला आहे, अशा लेखकांसाठी हा लेख आहे. मी स्वतः लेखापरीक्षणाच्या कामात होतो आणि माझ्या पहिल्या कादंबरीला अकरा वर्षे लागली, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये हिशेबनिसाची नजर जरा जास्त दिसली तर वाचकांनी ती चालवून घ्यावी. या सगळ्या पायऱ्यांमागे माझे एक मत आहे, ते आधीच सांगतो. ज्याचा पगार चालू आहे तो लेखक थांबू शकतो आणि नकार देऊ शकतो. प्रकाशनाच्या व्यवहारात नवख्याजवळ एवढेच भांडवल असते. खर्डा संपला की आपण इतके अधीर होतो की नेमके हेच भांडवल पहिल्या महिन्यात उधळून बसतो.

पहिली पायरी : आपले नेमणूकपत्र पुन्हा वाचा

कादंबरी कोणालाही दाखवण्यापूर्वी आपले नेमणूकपत्र आणि सेवानियम बाहेर काढावेत. त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात: बाहेरून उत्पन्न मिळवण्यास पूर्वपरवानगी लागते का, कामाच्या वेळेत किंवा कार्यालयाच्या साधनांवर निर्माण झालेल्या मजकुराचा हक्क कोणाकडे जातो, आणि गोपनीयतेचे कलम नोकरी सुटल्यानंतरही लागू राहते का. सरकारी सेवेत असलेल्यांनी सेवावर्तनाचे नियमही पाहावेत. साहित्यिक लेखनाला अशा नियमांत बहुधा वाव ठेवलेला असतो, परंतु परवानगी किंवा नुसती सूचना, जे काही लागेल ते लेखी करून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. कादंबरीची फाइल कार्यालयाच्या लॅपटॉपवर आणि पत्रव्यवहार कार्यालयाच्या ईमेलवर मुळीच नसावा. कायद्याने ती कादंबरी बहुधा तुमचीच ठरेल, पण तो प्रश्न मुळात उपस्थितच होऊ नये.

याहून नाजूक प्रश्न माणसांचा आहे. डॉक्टर, वकील, समुपदेशक, पोलीस, शिक्षक यांच्याकडे लोक आपले आयुष्य उघडे करतात आणि त्यातले काही ना काही कादंबरीत उतरतेच. केवळ नाव बदलून भागत नाही. मी दोन प्रश्नांची कसोटी लावतो: त्या व्यक्तीने हे पान वाचले तर ती स्वतःला ओळखेल का, आणि तिच्या शेजाऱ्याने वाचले तर तो तिला ओळखेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर व्यवसाय, वय, कुटुंबाची रचना, घटनेचे कारण, यांपैकी निदान दोन गोष्टी मुळापासून बदलाव्यात. माझ्या खर्ड्यात एक कारकून मनगटाला रबरबँड गुंडाळून ठेवत असे. मला तो तपशील फार आवडत होता, आणि आमच्या कार्यालयातल्या तिघांनी तरी त्यावरून तो माणूस एका क्षणात ओळखला असता, म्हणून मी तो काढला. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ हे वाक्य पुस्तकात जरूर असावे, पण बदनामीच्या दाव्यात ते चिलखत ठरेल असे समजू नये.

दुसरी पायरी : सांधे शोधा

सलग बसून लिहिलेली कादंबरी आणि तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली कादंबरी यांच्यातले दोष वेगळे असतात. लेखनाविषयीचा बहुतेक उपदेश पहिल्या प्रकारच्या लेखकांसाठी असल्यामुळे आपल्या दोषांबद्दल आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या चौथ्या प्रकरणात नायिकेचे मामा वारले होते आणि एकोणिसाव्या प्रकरणात तेच मामा तिला पोहोचवायला स्टेशनवर आले होते. या दोन प्रकरणांच्या लिखाणात पाच वर्षांचे अंतर पडले होते, आणि त्या पाच वर्षांत मामांचे जाणे मी साफ विसरलो होतो.

अशा चुका पकडण्यासाठी खर्डा संपल्यावर किमान सहा आठवडे त्याच्याकडे पाहू नये. नोकरी असलेल्या माणसाला हे अवघड जात नाही. वर्षअखेरीचे काम कधी नव्हे ते इथे उपयोगी पडते. त्यानंतर पूर्ण खर्डा कागदावर छापून घ्यावा आणि वाचताना शेजारी एक वही ठेवावी. वहीत प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ असावी: प्रसंग कोणत्या दिवशी आणि महिन्यात घडतो, कोण हजर आहे, त्या वेळी प्रत्येकाचे वय काय, आणि कोणाला काय ठाऊक आहे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. एखादे पात्र अजून न कळलेल्या गोष्टीवर रागावलेले असते, हे त्या रकान्याशिवाय लक्षात येत नाही.

वहीत न सापडणारे सांधेही असतात. आपण दोन आठवड्यांच्या खंडानंतर लिहायला बसतो, मागचे आपल्यालाच नीट आठवत नसते, म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीला आपण नकळत उजळणी करतो. माझ्या खर्ड्यातले एक प्रकरण असे सुरू होत होते: ‘कालच्या भांडणानंतर सुमती अजूनही बेचैन होती. घर विकण्याचा निर्णय दादांनी तिला न विचारता घेतला, हे तिच्या मनाला फार लागले होते.’ वाचकाने ते भांडण नुकतेच, मागच्याच पानावर वाचलेले असते. उजळणीची गरज मला होती, त्याला नव्हती. ती दोन वाक्ये काढल्यावर प्रकरणाची सुरुवात तिसऱ्या वाक्याने झाली: ‘सुमतीने कपाट उघडले आणि घराची कागदपत्रे आपल्या पिशवीत टाकली.’ अशा उजळण्या काढल्याने माझी एकूण नऊ पाने कमी झाली.

दुसरा सांधा प्रकरणांच्या लांबीत दिसतो. सगळी प्रकरणे साधारण एकाच लांबीची असतील, तर ती लांबी कथेने ठरवलेली नसून सकाळच्या तुमच्या दीड तासाने ठरवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिसरा सांधा सुरुवात आणि शेवट यांच्या पोतात असतो: पहिली तीन प्रकरणे चाळीस वेळा घासलेली असतात आणि शेवटची पाच एकदाच, घाईने लिहिलेली असतात. प्रकाशकाकडे पहिली तीन जातात म्हणून हे खपून जाईल असे वाटते, पण पूर्ण संहिता मागवली गेली की ते उघडे पडते.

ज्यांचा खर्डा अजून अपुरा आहे त्यांच्यासाठी इथे अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचा दाखला देतो. तो १८३४ ते १८६७ अशी तेहतीस वर्षे टपाल खात्यात नोकरीला होता, आणि कामावर जाण्यापूर्वी पहाटे साडेपाचपासून समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे. त्याच्या त्या घड्याळाचीच चर्चा सगळे करतात. मला त्याची दुसरी सवय अधिक महत्त्वाची वाटते: बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात घालवी. आवाज तुटू नये यासाठी तुकड्यांनी लिहिणाऱ्याला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. लिहायला एकच तास मिळत असेल, तर त्यातली वीस मिनिटे वाचनाला द्यावीत. ट्रोलपची पहिली कादंबरी १८४७ मध्ये निघाली आणि वाचकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तरी तो लिहीत राहिला. टपाल खात्याचा पगार चालू होता, हे त्याचे एक कारण असावे.

तिसरी पायरी : पहिले वाचक

घरच्यांचे मत प्रेमाने ऐकावे आणि बाजूला ठेवावे. तीन ते पाच वाचक पुरतात. त्यांतला निदान एक कादंबऱ्या भरपूर वाचणारा पण तुम्हाला फारसा न ओळखणारा असावा, आणि एक तुमच्या व्यवसायाच्या पूर्णपणे बाहेरचा असावा, कारण आपल्या क्षेत्रातली परिभाषा आपल्याला दिसेनाशी झालेली असते. ‘कशी वाटली?’ असे विचारल्यास ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘कुठे वाचन थांबवून पुस्तक खाली ठेवलेस?’ आणि ‘कोणते पान दोनदा वाचावे लागले?’ असे विचारावे. दोघांनी एकाच जागी अडखळल्याचे सांगितले, तर तिथे काहीतरी चुकले आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बहुधा चुकीचा असतो.

चौथी पायरी : फाइल नीट करा

ही पायरी लहान आहे, पण तिच्यावाचून पुढचे सगळे अडते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर रूपांतरित करताना रफार, अर्धी अक्षरे आणि विशेषतः ‘ऱ्य’ बिघडतो, आणि मग ‘आचाऱ्यांना’ बोलावले होते ते ‘आचार्यांना’ बोलावल्यासारखे होते. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस यात मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचीही तीच गत. पूर्ण संहितेची एकच फाइल, एकच फाँट, पानांवर क्रमांक, आणि फाइलच्या नावात तारीख असावी. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ अशी नावे देणाऱ्यांपैकी मीही होतो आणि एकदा प्रकाशकाकडे चुकीची प्रत गेली.

पाचवी पायरी : मार्ग निवडा

मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात प्रकाशक संपादन, मुखपृष्ठ, छपाई आणि वितरण यांचा खर्च करतो आणि लेखकाला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला हिस्सा, देतो. दुसऱ्यात लेखक हा सगळा खर्च स्वतः करतो, माणसे स्वतः निवडतो आणि पुस्तकाच्या प्रती, हक्क व मिळकत त्याचीच राहते. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. यांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, ज्यात लेखकाकडून पैसे घेतले जातात आणि हक्कही घेतले जातात; नोकरी असलेला लेखक हे त्याचे आवडते गिऱ्हाईक असते, कारण त्याच्याकडे पैसे असतात आणि वेळ नसतो. कसोटी सोपी आहे: पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे. पैसे तुम्ही देत असाल, तर पुस्तकाच्या प्रती आणि सगळे हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत. ‘अमुक प्रती लेखकाने विकत घ्याव्यात’ ही अटसुद्धा पैसे मागण्याचाच एक प्रकार आहे.

स्वतः प्रकाशित करणाऱ्यांनी संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी माणसे आहेत हे लक्षात ठेवावे, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, स्वतःच्या नावाने घ्यावा. हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी आहे आणि साध्या बांधणीची आवृत्ती, पुठ्ठा बांधणीची आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा लागतो.

सहावी पायरी : संहिता पाठवणे

आधी प्रकाशकाची मागच्या दोन-तीन वर्षांतली पुस्तके चाळावीत. जो कादंबऱ्या काढतच नाही त्याच्याकडे कादंबरी पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. बहुतेक ठिकाणी सोबतचे पत्र, कथासार आणि पहिली काही प्रकरणे मागतात. जे मागितले असेल तेवढेच पाठवावे.

पत्र एका पानाचे असावे. त्यात कादंबरीचे नाव, शब्दसंख्या, कथा कोणाची आहे आणि कशावर अडते हे तीन-चार वाक्यांत, आणि स्वतःविषयी दोन वाक्ये असावीत. तुमचा व्यवसाय कादंबरीच्या विषयाशी जोडलेला असेल तर तो इथे सांगावा. ‘मी वीस वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे आणि ही कादंबरी एका रात्रपाळीत घडते’ हे वाक्य कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक काम करते. व्यवसायाचा विषयाशी संबंध नसेल तर पदे आणि पुरस्कार सांगत बसू नये. कथासारात शेवट लपवू नये. वाचकापासून शेवट राखून ठेवायचा असतो. संपादकाला मात्र कथा तडीस गेली आहे का हेच पाहायचे असते.

किती जणांकडे, कधी, काय पाठवले आणि काय उत्तर आले याची नोंद ठेवावी. एकाच वेळी अनेकांकडे पाठवत असल्यास तसे पत्रात नमूद करावे. उत्तराला महिनेच्या महिने लागतात. नकारपत्रात एखादे ठोस वाक्य असेल, तर संपादकाने पाने खरोखर वाचली आहेत असे समजून ते वाक्य वहीत उतरवून घ्यावे. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी वयाचा विचार करू नये: अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी १९७० मध्ये निघाली, तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि संपादक म्हणून नोकरी करत होत्या, रहस्यकथाकार रेमंड चँडलर तेलकंपनीतली नोकरी १९३२ मध्ये गेल्यावर लेखनाकडे वळला आणि त्याची पहिली कादंबरी १९३९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत आली.

सातवी पायरी : करार

होकार आल्यावर जो आनंद होतो त्या आनंदात सही करू नये. कराराचा मसुदा घरी आणावा, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग पेन्सिल घेऊन वाचावा. आयुष्यभर इतरांचे करार काळजीपूर्वक वाचणारी माणसे स्वतःच्या पहिल्या पुस्तकाचा करार न वाचता सही करतात, हे मी माझ्याच व्यवसायात पाहिले आहे. मसुदा मिळालाच नाही, केवळ तोंडी आश्वासन मिळाले, तर लेखी मागावे. मागितल्याने कोणी रागावत असेल तर ते आत्ताच कळलेले बरे.

प्रथम हक्क पाहावेत. १८८६ च्या बर्न करारात सहभागी असलेल्या देशांत लेखकाला कॉपीराइट लिहिल्याबरोबर, नोंदणीवाचून मिळतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षे टिकतो; अनेक देशांत मुदत याहून जास्त आहे. म्हणजे करारात तुम्ही जे देता ते आधीपासून तुमचे असते. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर प्रत्येक शब्दावर थांबावे. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्य व चित्रपट रूपांतर हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक ज्या रूपात पुस्तक खरोखर काढणार आहे त्या रूपाचा हक्क, ठरावीक भाषेसाठी आणि ठरावीक वर्षांसाठी द्यावा. बाकीचे हक्क लेखकाकडे राहतील असे स्पष्ट लिहून घ्यावे.

मग रॉयल्टी. ‘दहा टक्के’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. कशाचे दहा टक्के ते पाहावे. छापील किंमत शंभर धरली आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सूट गेली, तर प्रकाशकाच्या हाती साठ येतात. छापील किमतीवर दहा टक्के असतील तर लेखकाला दहा मिळतात, निव्वळ प्राप्तीवर असतील तर सहा. दोन्ही पद्धती रूढ आहेत, पण फरक चाळीस टक्क्यांचा आहे आणि तो एका शब्दात दडलेला असतो. हिशेब वर्षातून किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत मिळेल आणि विक्रीच्या नोंदी पाहण्याचा अधिकार लेखकाला आहे का, हेही लिहिलेले असावे. रॉयल्टी हे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न असल्यामुळे करविवरणात ते वेगळे दाखवावे लागेल.

हक्क परत मिळण्याचे कलम नवखे लेखक वगळतात आणि दहा वर्षांनी पस्तावतात. पूर्वी ‘आवृत्ती संपली आणि ठरावीक महिन्यांत पुनर्मुद्रण केले नाही तर हक्क परत’ एवढे पुरत असे. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, त्यामुळे पुस्तक तांत्रिकदृष्ट्या कधीच संपत नाही आणि कोणी विकतही नाही. म्हणून ‘सलग दोन हिशेब-वर्षांत अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास हक्क परत’ अशी संख्येची अट घालून घ्यावी. पुढच्या पुस्तकांवर प्रकाशकाचा पहिला हक्क असे कलम असेल तर ते एका पुस्तकापुरते आणि ठरावीक दिवसांत उत्तर देण्याच्या अटीवर मान्य करावे. मजकुरावरून दावा झाल्यास सगळा खर्च लेखकाचा, असे कलमही बहुधा असते. पहिल्या पायरीवरचे काम नीट केले असेल तर ते वाचताना घाम फुटत नाही.

यातले सगळेच मान्य होणार नाही. कोणत्या दोन गोष्टींवर अडायचे हे आधी ठरवावे. मी हक्कांची मुदत आणि हक्क परत मिळण्याची अट यांवर अडलो आणि रॉयल्टीत नमते घेतले. घर पगारावर चालत होते, म्हणून ते परवडले.

आठवी पायरी : संपादन, प्रुफे, मुखपृष्ठ

संपादकाच्या सूचनांना त्याच दिवशी उत्तर देऊ नये. आठवडाभरानंतर निम्म्या पटतात, पावभर चर्चेने सुटतात, आणि उरलेल्यांवर ठाम राहता येते. दुसऱ्याच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी कादंबरीत असतील तर परवानगीचा विषय याच वेळी काढावा. बहुतेकदा त्या ओळी काढून टाकणेच सोयीचे पडते.

प्रुफांसाठी नोकरीतून चार दिवस रजा काढावी आणि ती प्रकाशनसमारंभासाठी राखून ठेवू नये. पुस्तक छापून आल्यावर समारंभ विसरला जातो, चूक राहते. प्रुफे मोठ्याने वाचावीत, एका बैठकीत चाळीस पानांपेक्षा जास्त नाही. मथळे, प्रकरणांचे क्रमांक, अर्पणपत्रिका, मलपृष्ठ आणि स्वतःचे नाव वेगळे तपासावे, कारण मोठ्या अक्षरांतल्या चुका डोळा सर्रास ओलांडून जातो. या टप्प्यावर वाक्ये सुधारण्याचा मोह आवरावा. छपाई बहुधा सोळा पानांच्या फर्म्याने, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाने, होते आणि शेवटच्या फर्म्यात दोन ओळी वाढल्या तरी नवे पान लागू शकते. मुखपृष्ठाबाबत आपले मत सांगावे, पण चित्रकाराला पूर्ण कादंबरी नाही तरी निदान तीन प्रकरणे वाचायला द्यावीत.

नववी पायरी : पुस्तक आल्यानंतर

सहकाऱ्यांना पुस्तक निघाल्याचे आधी स्वतः सांगावे, विशेषतः वरिष्ठांना. त्यांना ते दुसरीकडून कळणे चांगले नाही. कार्यालयातल्या प्रत्येकाला भेटप्रत देण्याची प्रथा पाडू नये. लेखकाच्या मोफत प्रती मोजक्या असतात आणि त्या परीक्षण लिहू शकणाऱ्यांकडे व ग्रंथालयांकडे जाणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिले हिशेबपत्रक आले की ते कराराच्या प्रतीशेजारी ठेवून वाचावे. त्यात छापलेल्या प्रती, भेटीदाखल दिलेल्या, विकलेल्या, विक्रेत्यांकडून परत आलेल्या आणि शिल्लक अशा पाच संख्या असाव्यात, आणि शेवटच्या चारांची बेरीज करताना परत आलेली प्रत विक्री व शिल्लक या दोन्हींत मोजली गेली नाही ना, ते पाहावे. माझ्या पहिल्या पत्रकात सदतीस प्रतींचा फरक निघाला. मी दोन ओळींचे साधे पत्र लिहिले, तीन आठवड्यांनी दुरुस्त पत्रक आले, आणि सोबतच्या चिठ्ठीत दुसऱ्या कादंबरीची चौकशी होती.